देवळाला चुना लावून घेतला, पाचपैकी चार तारे

आधीच सांगतो, हे दुकान नाही. अक्कलकोट रोडला एमआयडीसी ओलांडून पुढे गेलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. पाटी नाही. बाहेर दोन पांढरेफटक हौद, विटांच्या चुऱ्याचा ढीग आणि एक गोल दगडी घाणी. घाणीला पूर्वी बैल होता, आता मोटर आहे. चुन्यात जुन्या इमारतींचं काम करणारी सात-आठ जणांची टोळी इथं बसते. मुकादमांना नाव छापलं तर चालेल का विचारलं, तर म्हणाले, "नको मालक, आहे तेच काम उरकंना." म्हणून नावाशिवाय लिहितोय.

मी आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिले. रिटायर झाल्यावर गावाने देवस्थान समितीचा खजिनदार केलं, म्हणजे पगार बंद आणि हिशेब चालू. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीनेच्या काठाला. त्याचंही नाव लिहीत नाही, कारण खालचं वाचून दोघं-तिघं माझ्याशी बोलायचे बंद होतील.

देऊळ महादेवाचं. काळ्या दगडाचं, बसकं. गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांच्यामधली जागा), चार खांबांचा मंडप आणि वर विटांचं शिखर, जे बहुधा मागाहून चढवलेलं. गावात सगळे त्याला हेमाडपंती म्हणतात. आमच्याकडे काळा दगड दिसला की हेमाडपंती. दाराशेजारी मात्र हळेकन्नड, म्हणजे जुन्या कन्नड अक्षरांची एक शिळा आहे आणि ती खरोखर चालुक्यांच्या वेळची असेल, तर देऊळ उभं राहिलं तेव्हा हेमाडपंतांचा जन्मही झालेला नव्हता. त्या शिळेकडे पुढे येतो.

२०१४ साली समितीने (तेव्हा मी नव्हतो) एका ठेकेदाराकडून देवळाचं सुशोभीकरण करून घेतलं. छतावर चार इंच सिमेंट, शिखराला सिमेंटचा गिलावा, गाभाऱ्यात पांढऱ्या टाइल्स, खांबांना गुलाबी आणि चौकटीला निळा ऑइलपेंट. उद्घाटनाला जेवणावळी झाल्या. तिसऱ्या पावसाळ्यात पिंडीवर थेंब पडायला लागले. पुजारी म्हणायचे, बरं झालं, अभिषेक आपोआप होतोय. मग टाइल्सच्या सांध्यांतून लोणा फुटला, मंडपात कुबट वास यायला लागला आणि एका श्रावणी सोमवारी शिखराचा परातीएवढा पोपडा नारळवालीच्या टोपलीत पडला. बाई दोन पावलं मागे होती म्हणून वाचली.

यावर गावात दोन पक्ष पडले. मोठा पक्ष जीर्णोद्धारवाल्यांचा. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आमच्या भागात त्याचा अर्थ जुनं पाडून आरसीसीत नवं बांधणं एवढाच उरलाय. त्यांनी बेचाळीस लाखांचं कोटेशनही आणलं होतं, सोबत रंगीत चित्र, शिखरावर मोर. दुसरा पक्ष आम्हा चौघांचा.

चुनेवाल्यांना पहिला फोन केला तेव्हा मी सवयीने भाव विचारला. तिकडून उलटा प्रश्न आला, "देऊळ पुरातत्त्वच्या यादीत आहे का?" मला माहीत नव्हतं. "मग आधी लेखी आणा. यादीत असलं तर मी हात लावणार नाही, तुम्हीबी लावू नका." केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते, हे मला एका गवंड्याने फोनवर शिकवलं. कागद मिळवायला दोन महिने गेले. देऊळ कुठल्याच यादीत नव्हतं.

मग मुकादम आले. सत्तरीच्या आतबाहेरचे, अंगात पांढरी बंडी. आल्या आल्या चप्पल काढून छतावर चढले आणि बोटाच्या पेराने सिमेंट ठोकत फिरले, कलिंगड बघतात तसं. बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज आला. खाली उतरून म्हणाले, "अण्णा, सोलापूरच्या मे महिन्यात तुम्हाला टेरिकॉटचा शर्ट घालून वर रेनकोट चढवला तर काय हुईल? तेच झालंय याचं." भेगांतून पाणी आत जातं, सिमेंटमुळे बाहेर पडत नाही. मग ते खाली दगडात, विटांत उतरतं आणि जिथं वाट मिळेल तिथं क्षार घेऊन फुटतं. मला हे पटायला वेळ लागला नाही. ओल टिपायची आणि वाऱ्याला परत द्यायची, हा टॉवेलचा धंदा मी चाळीस वर्षं पाहिलाय. चुना तेच करतो.

अंदाजपत्रक द्यायच्या आधी त्यांनी एक अट घातली: समितीने सगळ्यांनी एकदा कुडलला जाऊन यायचं. हत्तरसंग कुडल आमच्यापासून लांब नाही, सोलापुरातूनही चाळीसेक किलोमीटर. भीमा आणि सीना तिथं मिळतात. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख आहे आणि त्यात मराठी ओळ आहे, "वाछितो विजेया होईवा". जो हे वाचील तो विजयी होवो. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी हा लेख उजेडात आणला. मी तिथं लहानपणी सहलीला गेलो होतो, पण तेव्हा लक्ष डब्यावर होतं. या खेपेला मुकादमांनी आम्हाला दगडाचे सांधे दाखवले. चिऱ्यावर चिरा, मध्ये काही नाही. नुसत्या वजनावर आणि खाचांवर हजार वर्षं बसलेत. आमचे अध्यक्ष गुडघ्यावर बसून सांध्यात नख घालून बघत होते.

तरी मोराच्या शिखराचा पक्ष हलेना. शेवटी काम केलं ते आमच्या वारकरी मामांनी. ते बैठकीत उठले आणि म्हणाले, पंढरपूरला २०२४ साली पांडुरंगाचं पदस्पर्श दर्शन मार्चपासून जूनपर्यंत बंद ठेवून काय केलं? गाभाऱ्यातली चांदी उतरवली, ग्रॅनाइट काढलं, मूळचा काळा दगड मोकळा केला. रामदेवराव यादवांनी ज्या देवळाला दान दिलं, ज्या देवळात चौऱ्याऐंशीच्या शिलालेखाला पाठ घासून लोक जन्माचे फेरे चुकवतात, त्या देवळात चांदी नको झाली आणि आपल्याला टाइल्स पाहिजेत? मामा खाली बसले. ठराव झाला. आता हे अगदी असंच्या असं बोलले का, तर नाही, मध्ये दोन शिव्या होत्या.

अंदाज साडेसहा लाखांचा. प्रत्यक्षात सात लाख दहा हजार झाले. बेचाळीसपुढे काहीच नाही, तरी गावातून वर्गणी काढताना माझ्या चपला झिजल्या.

२०२४ च्या दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि पहिला महिनाभर काहीही झालं नाही. म्हणजे गावाच्या दृष्टीने. देवळामागे हौद खणला, त्यात कळीचा चुना टाकून पाणी सोडलं. ते दृश्य बघण्यासारखं. ढेकळं आधी गप्प बसतात, मग तडकतात, मग सगळा हौद उकळायला लागतो, खाली जाळ नसताना. वाफ माणसाच्या डोक्याच्या वर. मी शहाणपणा करून कडेचा जरा बोटाने चाखल्यासारखा बघितला आणि दोन बोटांना फोड आले. मुकादमांच्या पोराने माझा हात धरून दहा मिनिटं नळाखाली ठेवला आणि एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तो चुना मग पाण्याखाली मुरत ठेवला. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो, म्हणे. गाव रोज येऊन हौदात डोकवायचं आणि विचारायचं, "अण्णा, गावाला चुना लावला का?" हा विनोद मी त्या महिन्यात शंभर वेळा ऐकला. बायकोनेही केला.

महिन्यानंतर घाणी आली. मुरलेला चुना, सीनेची धुतलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची भुकटी. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो. नुसता चुना हवेवर धरतो, फार हळू. भट्टीत नऊशे अंशाच्या आसपास चुनखडी भाजताना तिच्यातला वायू उडून जातो, तोच वायू हवेतून परत घेऊन चुना पुन्हा दगड होत राहतो. वर्षानुवर्षं. घाणीत हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणीही पडतं. बिलात "गूळ ३५ किलो" वाचून उपाध्यक्षांनी विचारलं, लाडू कुणी खाल्ले? मी त्यांना घाणीपाशी नेऊन उभं केलं. तिथं खरंच काकवीसारखा वास सुटला होता.

पण त्यांच्या कामाचं खरं कौतुक मी करणार आहे ते त्यांनी जे केलं नाही त्याचं. भिंतींच्या सगळ्या सांध्यांत दर्जा भरायला, म्हणजे चुन्याने सांधे बुजवायला, आम्ही ऐंशी हजार धरले होते. मुकादम म्हणाले, "मुळात जिथं चुना नव्हता तिथं मी कशाला घालू? ते पैसे ठेवा." छताचा कोबा, शिखर आणि पन्हाळी एवढंच चुन्यात झालं. गाभाऱ्याच्या टाइल्स काढल्यावर खाली ओबडधोबड दगड निघाला. त्याला घासून चकचकीत करा असा आग्रह झाला. नाही केला. आजवर अर्ध्या कामाचे पूर्ण पैसे घेणारे ठेकेदार पुष्कळ बघितले. काम नाकारून पैसे परत करणारा हा पहिला.

छतावरचं सिमेंट फोडायला एका तरुणाने ब्रेकर मशीन भाड्याने आणून दिलं. तेही परत. छन्नी-हातोड्याने, वीतवीत, एकवीस दिवस. वैतागलो होतो. पण खालचा जुना कोबा अर्ध्याहून जास्त शाबूत निघाला, तो मशीनने गेला असता. नवा कोबा मग जुन्याला सांधून घातला आणि बायकांनी लाकडी थाप्यांनी तो ठोकला. सहा दिवस, ओळीने बसून, गाणी म्हणत. दुपारी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि परत ठकठक. माझी पाठ नुसतं बघून भरून आली.

ऑइलपेंटचं काम मुकादमांच्या सूनबाईंकडे. वाळूचा मारा नाही, ग्राइंडर नाही. रंग मऊ करणारा लेप लावायचा, कागदाने झाकायचं, मग बांबूच्या पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने खरवडायचं. दिवसाला हातभर जागा. मी चौकटीच्या कपाळपट्टीपाशी स्टूल घेऊन बसायचो. आधी निळा गेला. खाली पिस्ता रंग होता, तो कुणी दिला कुणालाच आठवेना. त्याखाली गेरू. मग एका दुपारी गेरूतून एक सोंड वर आली, मग घडा, मग दुसऱ्या बाजूची सोंड. मध्ये मांडी घातलेली लक्ष्मी. गजलक्ष्मी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या जागी सगळे जण निळ्या गोळ्याला हळदकुंकू वाहायचे. लक्ष्मीचं नाक गेलेलं आहे, पण डाव्या हत्तीच्या कानावर शिरा आहेत, पानावर असतात तशा. खांबावर दिव्याच्या तेलाचे काळे ओघळ होते, ते पण काढा म्हटलं, तर सूनबाई म्हणाल्या, "तेल दगडात गेलंय काका. ते काढायचं म्हणजे दगड काढायचा." राहू दिले.

आता शिळा. तिच्या खालच्या अर्ध्या भागावर सिमेंट सांडलेलं होतं, ते सुटल्यावर शिलालेखांचा अभ्यास असलेले एक गृहस्थ ठसा घ्यायला आले. ओला कागद अक्षरांवर चिकटवून ब्रशने ठोकतात, कागद खाचांत बसतो, मग शाईचा बोळा फिरवतात. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटतात. मंडपात पंचवीस माणसं श्वास रोखून. त्यांनी एक शब्द वाचून दाखवला: त्रिभुवनमल्ल. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याचं हे बिरुद. १०७६ साली गादीवर बसला आणि स्वतःचा शक सुरू करणारा राजा. गावात फटाके वाजायच्या बेतात होते. पण ते गृहस्थ म्हणाले, थांबा, हे बिरुद त्याच्या वंशातल्या चौथ्या सोमेश्वरानेही लावलेलं आहे, म्हणजे शंभर वर्षांनी. वर्ष मिळालं तर सांगता येईल. वर्षाची ओळ सापडली खरी. तिथं अंगठ्याएवढं भोक. त्यात गंजलेली बिजागरी. लोखंडी दाराची.

घरी येऊन मी वडिलांच्या वह्या काढल्या. ते १९८० च्या सुमाराला याच समितीचे खजिनदार होते. हिशेब लिहायचं आमच्या घराण्यातच आहे. वही सापडली, पान सापडलं. "देवळास लोखंडी दार रु. ६४०. दगडास भोक पाडणेची मजुरी रु. १५." अक्षर सुरेख, बेरीज बरोबर. मी ते पान समितीत दाखवलं नाही. इथं लिहितोय, कारण समितीत कुणी एवढं लांब वाचत नाही.

आता एक तारा का कापला ते.

पहिलं, कागदपत्रं. मुकादमांचा सगळा हिशेब दिनदर्शिकेच्या फाटलेल्या पानांच्या मागे. "चुना, गाडी २, दिले" एवढंच. कुणी दिले, किती दिले, कधी? मला गावापुढे ताळेबंद मांडायचा असतो. शेवटी मीच वही करून दिली आणि दर शनिवारी सही घ्यायला लागलो. सहीसाठी ते पेन असं धरायचे जशी करणी धरलीय.

दुसरं, वेळ. सहा महिने सांगितले, वर्ष लागलं. डिसेंबरातच टोळी पातळ व्हायला लागली. कारण काय, तर गड्डा. यातले चौघं सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे. त्याचा सराव महिनाभर आधीपासून, मग संक्रांतीला बाराबंदी घालून अडुसष्ट लिंगांची फेरी, अक्षता, होम, दारूकाम. मुकादमांना फोन केला तर मागे हलगी ऐकू यायची. मी सोलापूरचा, मला याचा राग येऊ शकत नाही, पण आधी सांगायला काय जात होतं? महिनाभर परांचीवर कावळे बसले.

त्यात मार्चच्या मध्यावर त्यांनी शिखराचा गिलावा थांबवला. ऊन वाढलं की चुना वरून लगेच सुकतो आणि भेगाळतो. ओली गोणपाटं बांधून बघितली, पण आमच्याकडे एप्रिलात पाणी माणसांना पुरत नाही, शिखराला कुठून पाजणार? अर्धं शिखर ताडपत्री बांधून पावसाळ्यात उभं राहिलं. मोराचा पक्ष तेव्हा रोज पारावर बसून माझ्याकडे बघून हसायचा.

तिसरं किरकोळ. मंडपाची एक पायरी उलटी बसवली होती, झिजलेली बाजू खाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच लक्षात आलं, काढून नीट केली, त्याचे पैसे लावले नाहीत.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर आला. सीनेला जो महापूर आला तो सोलापूरकरांना सांगायला नको. आमच्याकडे शेतं गेली, खालच्या आळीतली घरं पाण्यात होती, माणसं शाळेत आणि देवळात येऊन राहिली. देऊळ उंचवट्यावर आहे, पाणी शेवटच्या पायरीच्या दोन हात खाली थांबलं. चार रात्री मंडपात तीसेक माणसं झोपली, त्यात नारळवालीही होती. वरून पाऊस कोसळत होता. छत कुठेही गळलं नाही. फक्त अंतराळाच्या ईशान्य कोपऱ्यात ताटाएवढी ओल आली, ताडपत्री सुटली होती त्याच्या खाली.

पूर ओसरल्यावर मुकादम न बोलावता मोटारसायकलवर आले, चिखलातून. आधी विचारलं, "माणसं बरी हायेत का?" मग त्या ओलीवर तळहात टेकवून उभे राहिले. म्हणाले, याला आत्ता काही करायचं नाही, वाळू द्या. दसऱ्यानंतर उरलेलं शिखर पूर्ण केलं. आज ती ओल वाटीएवढी उरलीय. मी तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकतो, दर पंधरा दिवसांनी. सूनबाईंना विचारून, पेन्सिल चालते.

कुणाच्या गावी असं देऊळ, मशीद, वाडा काही असेल आणि यांना बोलवायचं असेल, तर मला विचारा, शेडचा रस्ता सांगतो. जाताना जुने फोटो न्या, यादीचा कागद न्या आणि हिशेबाची वही आपली आपण न्या. डिसेंबर-जानेवारीत मात्र जाऊ नका, शेडला कुलूप असतं.